आवाज कमी केला आणि जागा वाढली

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण मार्कोनीपर्यंत आलो होतो. दूर पोहोचायचे तर शक्ती वाढवा, हे त्या काळचे सूत्र. हे सूत्र कुठे अडले, ते आज पाहू.

१७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात गाडीतला टेलिफोन सुरू झाला. बेलच्या लोकांनी उंच जागी एक दणकट प्रक्षेपक बसवला, सगळ्या शहराला मिळून एकच. आता गंमत बघा. त्याचा आवाज गाडीपर्यंत जायचा, पण गाडीतल्या यंत्राची ताकद कमी. त्याचा आवाज परत पोहोचेना. मग शहरात ठिकठिकाणी नुसते रिसीव्हर बसवावे लागले. म्हणजे काय, तर एका बाजूने कितीही ओरडलो तरी संभाषण होत नाही. दुबळ्या बाजूचा हिशेब आधी करावा लागतो.

दुसरी अडचण याहून मोठी. दणकट प्रक्षेपक एक वाहिनी वापरतो, तेव्हा आसपासच्या कित्येक मैलांत ती वाहिनी दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची राहत नाही. १९७६ साली न्यूयॉर्कसारख्या महानगरात बेलकडे होत्या १२ वाहिन्या आणि ग्राहक फक्त ५४३. हजारो लोक यादीत नाव घालून वाट बघत होते.

तोडगा मात्र १९४७ मध्येच कागदावर आला होता. बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी एका टिपणात सुचवले, की शहराचे लहान लहान षट्कोनी तुकडे करा, प्रत्येकात कमी शक्तीचा प्रक्षेपक ठेवा आणि थोड्या अंतरावर तीच वाहिनी पुन्हा वापरा. यातले मर्म आपण नीट समजून घेऊ. एकाच वाहिनीवरच्या सगळ्या मनोऱ्यांनी शक्ती दुप्पट केली, तर आपला आवाज दुप्पट होतो आणि शेजाऱ्याचा अडथळाही दुप्पट. हाती काहीच लागत नाही. जत्रेत दोन दुकानदारांनी एकमेकांवर कर्णे चढवावेत, तसेच ते! महत्त्वाचे काय, तर तुकड्याचा आकार आणि तीच वाहिनी वापरणाऱ्या दोन मनोऱ्यांमधले अंतर, यांचे गुणोत्तर. ते कायम ठेवून तुकडे लहान करत गेलो, की तेवढ्याच वाहिन्यांत जास्त माणसे बोलू शकतात.

मग इतकी वर्षे का लागली? कारण धावती गाडी तुकडा ओलांडते, तेव्हा चालू संभाषण पुढच्या मनोऱ्याकडे सोपवावे लागते. ते झटपट करणारी यंत्रणा तेव्हा नव्हती. शिवाय वाहिन्यांचा पुरेसा पट्टा मिळायलाही सरकारदरबारी वर्षे गेली. शिकागोत १९७८ मध्ये चाचणी झाली आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये सेवा सुरू झाली. त्या फोनला मनोरा हुकूम द्यायचा: जवळ आलास, आवाज कमी कर. चार वॉटपासून काही मिलिवॉटपर्यंत आठ पायऱ्या होत्या.

पुढे सीडीएमए आले. त्यात सगळे एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात, त्यामुळे जवळचा फोन जोरात बोलला तर दूरचा पार बुडतो. म्हणून सेकंदाला ८०० वेळा शक्ती वर-खाली करण्याचे हुकूम सुटू लागले.

हा इतिहास आपल्या दारापर्यंत येतो. सप्टेंबर २०१२ पासून भारताने मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. ‘आमच्या सोसायटीवर मनोरा नको’, असे आपण म्हणतो, आणि त्यामागची काळजी खोटी नसते. पण मनोरा लांब गेला, की कानाशी धरलेला आपलाच फोन जास्त शक्तीने बोलतो आणि बॅटरीही लवकर उतरते. तेव्हा पुढच्या बैठकीत मनोऱ्याचा विषय निघाला, तर दोन्ही टोकांची शक्ती विचारात घेऊ आणि मग हात वर करू.