कागद अडकला, हे कुणाला कळते?

भंडारा जिल्ह्यात तलाठ्याला आजही पुष्कळ जण ‘पटवारी’ म्हणतात. मध्य प्रांताच्या काळातली ही सवय मोडलेली नाही, तशी कागदाचीही मोडलेली नाही. मालगुजारी १९५१ साली संपली. पण माजी मालगुजारी तलावाचा, म्हणजे लोकांच्या ‘मामा तलावा’चा वाद निघाला की निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची नक्कल शोधावी लागते. एके काळी अशी नक्कल हाताने उतरवली जाई. पुढे टाइपरायटर आला, कार्बन पेपर आला, सायक्लोस्टाइल आले. या यंत्रांचा एक गुण होता. ती अडली की समोर बसलेल्या माणसाला त्याच क्षणी कळे.

संगणक आला तेव्हाही हे लगेच बदलले नाही. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. बाकीच्या जिल्ह्यांची पाळी नंतर आली. त्या काळचा छपाईवाला म्हणजे डॉट मॅट्रिक्स. दोन्ही कडांना भोके असलेला लांबच लांब कागद, शाईची रिबन आणि तिच्यावर आदळणाऱ्या बारीक सुया. त्याचा करकराट भिंतीपलीकडे ऐकू जाई, आणि तो थांबला की कागद संपला तरी किंवा फसला तरी, हे पलीकडच्या टेबलावरचा बाबू न उठता सांगे. देखरेखीचे काम कान करत होते.

लेझर प्रिंटर आला आणि हा कानच बंद झाला. १९९१ च्या सुमारास एचपीने ‘जेटडायरेक्ट’ काढले. त्यामुळे प्रिंटरला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मिळाला. हुकूम एका खोलीतून सुटे, कागद दुसऱ्या खोलीत पडे. मधे काय अडले, हे जाऊन पाहिल्याशिवाय समजेना.

हे दुखणे सातासमुद्रापलीकडे आधीच उमटले होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप झळके. १९८० च्या आसपास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा मूळ प्रोग्राम त्यांना मिळाला नाही आणि ती सोय गेली. हा अनुभव त्यांना फार लागला. १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या ‘ग्नू’ प्रकल्पामागच्या कारणांत तो गणला जातो.

पुढे प्रिंटरला प्रश्न विचारण्याची रीतच ठरली. नेटवर्कवरच्या यंत्रांची विचारपूस करणारा एसएनएमपी हा नियम १९८८ मध्ये आला. प्रिंटरने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, याची यादी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९९ मध्ये ईथन गॅल्स्टाड यांनी नेटवर्कवरच्या यंत्रांवर नजर ठेवणारे ‘नेटसेंट’ हे सॉफ्टवेअर काढले. तेच नंतर ‘नागिओस’ झाले, आणि तेही ‘ग्नू’च्याच परवान्याखाली सर्वांना खुले. एचपीच्या प्रिंटरसाठी त्याला एक वेगळा जोडप्रोग्राम आहे. कागद संपला, अडकला, टोनर आटला, कुणीतरी येऊन बघा, असे निरोप तो मिळवतो.

मांडणी मात्र कारकुनी चोखपणाने करावी लागते. प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायचा, कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’ हा परवलीचा शब्द बदलायचा, किती मिनिटांनी विचारायचे ते ठरवायचे. कचेरीची वेळ सांगितली नाही, तर संध्याकाळी बटण बंद केलेला प्रत्येक प्रिंटर रात्रभर ‘मेला’ म्हणून ओरडतो. कोण कुणाच्या मागे आहे, हेही सांगावे लागते. नाहीतर तुमसर तालुक्याची एक लाइन तुटली की तिथल्या दहा प्रिंटरांची दहा खोटी दुखणी भंडाऱ्याच्या पडद्यावर दिसतात. टोनर किती उरला, या प्रश्नाला काही प्रिंटर ‘उणे ३’ असे उत्तर देतात. ठरलेल्या यादीप्रमाणे त्याचा अर्थ ‘आहे थोडीफार’. ही उणे संख्या टक्केवारी समजून मोजली की नको तेव्हा इशारा वाजतो.

ही विचारपूस तालुक्यापर्यंत पोचायला जाळे हवे. राज्यव्यापी जाळ्यांच्या केंद्रीय योजनेला २००५ मध्ये मंजुरी मिळाली. राज्य, जिल्हा आणि तालुक्याची ठाणी किमान २ एमबीपीएसच्या दोरीने बांधायची, असे ठरले. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर भंडाऱ्याकडे सात तालुके उरले. पार दक्षिणेचा लाखांदूरही त्यातच. तिथला प्रिंटर बंद आहे का, हे पाहायला माणूस धाडणे परवडणारे नव्हे. धान विक्रीच्या नोंदणीला सातबारा लागतो, त्या दिवसांत तर नाहीच.

पण या विचारपुशीला एक अट आहे: प्रिंटरला स्वतःचा पत्ता हवा. यूएसबीच्या केबलने एकाच संगणकाला बांधलेल्या प्रिंटरला तो नसतो, म्हणून दुरून विचारणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सहसा दिसतच नाही. तिथे झाकण उघडून, फसलेला कागद चिमटीत धरून ओढणारा माणूसच लागतो.