बी२७ : एकच जनुक, देशोदेशी निराळा अर्थ

१/६
ऐन विशी-पंचविशीत पहाटे पाठ आखडते. हिंडल्या-फिरल्याने ती मोकळी होते. विश्रांतीने मात्र वेदना वाढते. काही रुग्णांत पुढे मणके एकमेकांस सांधले जातात. हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा दाहक संधिवात. तो अनुवंशाने येतो काय आणि कोणास अधिक होतो, या शोधाचा हा इतिहास.

२/६
एप्रिल १९७३. लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील डेरिक ब्रुअर्टन व सहकाऱ्यांना ७५ पैकी ७२ रुग्णांत एचएलए-बी२७ आढळले. ७५ निरोगी व्यक्तींत मात्र अवघ्या तिघांत. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये पॉल तेरासाकी यांच्या गटानेही ४० पैकी ३५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुन्हेगार सापडला, असे वाटले.

३/६
मग जगाचा नकाशा उलगडला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैडा लोकांत सुमारे निम्म्यांत बी२७ होते. जपानमध्ये शंभरांत एकाहूनही कमी. गांबियातील फुला समाजात जनुक होते, आजार मात्र जवळजवळ नव्हता!

४/६
एक कारण लवकरच उमगले. बी२७ हे एक जनुक नसून अनेक उपप्रकारांचे कुटुंब आहे. युरोपात आढळणारा ०५ आणि चीनमधील ०४ हे प्रकार आजाराशी निगडित आहेत; आग्नेय आशियातील ०६ व सार्डिनियातील ०९ यांचा तसा संबंध दिसत नाही. शिवाय बी२७ असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर निरोगी राहतात. इतर जनुकांचाही यात वाटा असतो.

५/६
म्हणजे लंडनचा आकडा महाराष्ट्रास जसाच्या तसा लावता येत नाही. रुग्णालयातील नोंदीही अपुऱ्या, कारण तेथे येऊ शकतो तोच मोजला जातो. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न उपक्रमात पुणे जिल्ह्यातील भिगवणमध्ये घरोघर सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांची. दुखणे दारी जाऊन मोजले गेले.

६/६
नाशिक जिल्ह्याकडे पाहा. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल आणि शहरांतील अनेक समाज येथे शेजारी नांदतात. विवाह मात्र पिढ्यान्पिढ्या बहुधा आपापल्या समाजातच झाले. अशा ठिकाणी ‘मराठी माणसाचे बी२७’ असा एकच आकडा कसा सांगावा? जनुक हा कोणत्याही जातीवरचा शिक्का नव्हे, आणि तपासणीत ते आढळले नाही म्हणून तरुणाची पहाटेची पाठदुखी खोटी ठरत नाही.