दिनविशेष : २५ जून – लढवय्या वैमानिकाची मालवाहतूक

२५ जून १९४५ रोजी, जपानशी चाललेले युद्ध अद्याप संपावयाचे असतानाच, कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे रॉबर्ट प्रेस्कॉट यांनी आपल्या काही युद्धसहकाऱ्यांसह केवळ मालवाहतुकीस वाहिलेली विमानकंपनी स्थापन केली. प्रेस्कॉट हे अमेरिकी नौदलाची नोकरी सोडून, चीनच्या रक्षणार्थ स्वेच्छेने लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ पथकात दाखल झालेले लढाऊ वैमानिक. पथकाचेच नाव पुढे कंपनीने धारण केले, आणि १९८९ साली ती फेडरल एक्सप्रेसमध्ये विलीन झाली.

त्या स्वयंसेवकांचे करारनामे ज्या विल्यम पॉली यांच्या कंपनीमार्फत झाले, तेच पॉली १९४० साली बंगळूरच्या विमान कारखान्याच्या उभारणीत वालचंद हिराचंद यांचे सहकारी होते, आणि वालचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा एक कारखाना पुढे चिंचवडला आला, हा ऋणानुबंध आपल्या परिसराने विसरू नये.

परंतु त्याहून मोलाची गोष्ट निराळी आहे. हिमालय ओलांडून चीनला रसद पोहोचविणाऱ्या विमानांवरही प्रेस्कॉट यांनी काम केले होते, आणि रस्ता तुटला तरी माल थांबता कामा नये हा तेथील धडा त्यांनी व्यापारात उतरविला. एका सुट्या भागावाचून ज्यांची जुळणी खोळंबते त्या पिंपरी-चाकणच्या कारखानदारांस तो सांगावयास नको. चाकण-राजगुरुनगर परिसरात योजिलेला विमानतळ पुरंदरला गेला. निदान तेथील आराखड्यात मालवाहतुकीस अग्रस्थान मिळावे, असा आग्रह या पट्ट्यातील उद्योजकांनी सरकारदरबारी धरावा.