मुखवटा नसलेले नाणे

कराच्या नाण्यावर मुखवटा व लेख कोणाचा, असे प्रभूने विचारले होते. आरंभीच्या इस्लामी दिरहमास तोच प्रश्न विचारून पाहावा.

इराक व इराण जिंकल्यावर अरबांनी तेथील चांदीचे नाणेच चालू ठेविले. एका बाजूस ससानी सम्राटाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस अग्निवेदी. कडेचा अल्लाहच्या नावाचा लहानसा अरबी लेख तेवढा नवा. पुढे खलीफा अब्द अल-मलिक याने हिजरी ७९ मध्ये (इ. स. ६९८-९९) ही चित्रे काढून केवळ अक्षरे ठेविली. एका बाजूस ईश्वराच्या एकत्वाची साक्ष आणि कडेस टांकसाळ व वर्ष. दुसऱ्या बाजूस ईश्वराने कोणास जन्म दिला नाही व तो कोणापासून जन्मला नाही, हे कुराणातील विधान. यरुशलेमेतील खडकावरील घुमटात हेच विधान इ. स. ६९१-९२ मध्ये कोरले गेले होते. आता ते सुमारे तीन ग्रॅम चांदीवरून बाजारात आले.

इराकातील ख्रिस्ती मनुष्य याच नाण्याने भाकर घेई व कर भरी. आपल्या श्रद्धेस नाकारणारा लेख त्याच्या मुठीत असे. त्याचे उत्तर मंडळीने नाण्यावर दिले नाही. सुमारे इ. स. ७८१ मध्ये कुलपती तिमथी याने खलीफा अल-महदीच्या दरबारात ख्रिस्ताच्या पुत्रत्वाविषयीच्या प्रश्नास आदराने उत्तर दिले. नाणे ज्याचे त्यास द्यावे. साक्ष मात्र आपणच द्यावयाची असते.