तळटीप : उरीया
* उरीया – दावीद राजाच्या फौजेतला हित्ती, म्हणजे परक्या कुळातला, शिपाई. राब्बा नगराला वेढा पडलेला असताना दाविदाने त्याच्या बायकोशी, बथशेबाशी, संबंध ठेवला आणि तिला दिवस गेल्यावर प्रकरण झाकायला उरीयाला रणातून बोलावून घेतले. पण गडी घरी गेलाच नाही. सोबती उघड्या रानात मुक्कामाला, मग आपण घरी खाऊनपिऊन कसे झोपावे, म्हणून वाड्याच्या दाराशी चाकरांत पडून राहिला. दुसऱ्या रात्री दारू पाजूनही तेच. शेवटी त्याच्याच मरणाचे पत्र दाविदाने त्याच्याच हाती सेनापती यवाबाकडे धाडले. उपदेशक पुढे दाविदाचा पश्चात्तापच रंगवतात, हे आम्हाला खटकते. दाविदाच्या सदतीस वीरांच्या यादीत उरीयाचे नाव अगदी शेवटी येते.

उरीयासारखे शिपाईगडी आपल्याकडच्या बेने इस्रायल या ज्यू समाजातही झाले. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ त्यांचे ‘शाआर हाशामाईम’ सिनेगॉग आहे (१८७९). लष्करी पेशा या समाजात जुनाच. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६मध्ये समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले, तेही ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतलेच. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर नवस फेडला, असे परंपरा सांगते.