छायाचित्र-संकेतस्थळे आणि छायाचित्रकारांचे हक्क

छायाचित्र-संकेतस्थळांवरील छायाचित्रकारांचे हक्क म्हणजे फ्लिकर, इन्स्टाग्राम, विकिमीडिया कॉमन्स यांसारख्या संकेतस्थळांवर छायाचित्र चढविल्यानंतरही छायाचित्रकाराकडे राहणारे आर्थिक व नैतिक हक्क होत. भारतात हे हक्क प्रामुख्याने प्रताधिकार अधिनियम, १९५७ या कायद्याने ठरतात. केवळ छायाचित्र चढविल्याने त्याची मालकी संकेतस्थळाकडे जात नाही. छायाचित्रकार संकेतस्थळाला वापराचा परवाना देत असतो. त्या परवान्याची व्याप्ती संकेतस्थळाच्या अटींवर आणि छायाचित्रकाराने निवडलेल्या परवान्यावर अवलंबून असते.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका ताम्हिणी घाट, मुळशी धरणाचा जलाशय, घनगड आणि लवासा यांमुळे छायाचित्रकारांच्या आवडीचा आहे. पुढील विवेचनात या परिसरातील उदाहरणे घेतली आहेत.

प्रताधिकाराची मालकी

अधिनियमानुसार छायाचित्र ही 'कलाकृती' असून ते टिपणारी व्यक्ती तिची कर्ती मानली जाते. छायाचित्र टिपताच प्रताधिकार निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी, जलचिन्ह किंवा © हे चिन्ह आवश्यक नसते. ताम्हिणी घाटातील धबधब्याचे भ्रमणध्वनीवर टिपलेले चित्रही या संरक्षणास पात्र ठरते. मात्र प्रताधिकार त्या विशिष्ट छायाचित्रावर असतो, धबधब्यावर नव्हे. त्याच जागी उभे राहून दुसऱ्याने स्वतंत्रपणे टिपलेले चित्र हे उल्लंघन होत नाही.

कलम १७ मध्ये या नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काम सांगणारी व्यक्ती असते. त्यामुळे मुळशी जलाशयाकाठी विवाहपूर्व छायाचित्रण करणाऱ्या व्यावसायिकाने ती चित्रे आपल्या इन्स्टाग्राम खात्यावर देण्याचा हक्क करारात लेखी नमूद करून घेणे इष्ट ठरते. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रांची मालकीही सामान्यतः नियोक्त्याकडे जाते.

संकेतस्थळाच्या अटी

छायाचित्र साठवणे, लहान आकारात दाखवणे व इतर वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवणे यांसाठी संकेतस्थळाला परवानगी लागते. ती सहसा विनामूल्य, जगभर लागू होणारी आणि अनन्य नसलेली असते, म्हणजेच छायाचित्रकार तेच चित्र अन्यत्र विकू शकतो. भारतीय कायद्यानुसार परवाना लेखी असावा लागतो, तर प्रताधिकाराच्या हस्तांतरणासाठी मालकाची स्वाक्षरी असलेला दस्तऐवज लागतो. हस्तांतरणपत्रात मुदत दिलेली नसल्यास ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो.

डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलेल्या नव्या अटींमुळे वापरकर्त्यांची छायाचित्रे जाहिरातींसाठी वापरली जातील, असा समज पसरला. तीव्र विरोधानंतर काही दिवसांतच कंपनीने वादग्रस्त मजकूर मागे घेतला.

संकेतस्थळाला दिलेली परवानगी आपोआप इतरांना मिळत नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीतील भूकंपानंतर डॅनिएल मोरेल यांनी ट्विटरशी जोडलेल्या ट्विटपिक या सेवेवर चढविलेली छायाचित्रे एएफपी व गेटी इमेजेस या संस्थांनी वितरित केली. ट्विटरच्या अटींमुळे असा वापर करता येतो, हा बचाव अमेरिकन न्यायालयाने फेटाळला आणि २०१३ मध्ये ज्यूरीने मोरेल यांना सुमारे १२ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

मुक्त परवाने

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि फ्लिकरने २००४ मध्ये हे परवाने निवडण्याची सोय दिली. मुख्य सहा परवान्यांपैकी प्रत्येकात श्रेयनिर्देश बंधनकारक आहे. त्याखेरीज अव्यापारी वापर, बदलास मनाई आणि समान परवान्याने वितरण या अटी वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात. विकिमीडिया कॉमन्स मात्र व्यापारी वापरास व बदलास मुभा देणारेच परवाने स्वीकारते. अशा परवान्याने दिलेले मुळशीचे चित्र एखाद्या विश्रामगृहाने जाहिरातीत छापल्यास, अटी पाळल्या असतील तर मोबदला मागता येत नाही.

एकदा दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही. छायाचित्र संकेतस्थळावरून काढून टाकले तरी ज्यांनी ते आधी मिळवले, त्यांचे हक्क टिकून राहतात.

समान परवान्याच्या अटीचा अर्थही मर्यादित असू शकतो. अमेरिकेतील एका नकाशासंग्रहाच्या मुखपृष्ठावर फ्लिकरवरील असे छायाचित्र छापले गेले. संपूर्ण संग्रह त्याच परवान्याने द्यायला हवा होता, हा छायाचित्रकाराचा दावा न्यायालयाने २०१५ मध्ये अमान्य केला.

नैतिक हक्क

कलम ५७ नुसार छायाचित्रकाराला स्वतःच्या कर्तृत्वाचा दावा करण्याचा आणि लौकिकास बाधक ठरणाऱ्या विकृतीकरणास हरकत घेण्याचा हक्क आहे. प्रताधिकार दुसऱ्यास दिल्यानंतरही हा हक्क टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम ६५ख नुसार छायाचित्रातील नाव, अटी इत्यादी हक्कविषयक माहिती जाणूनबुजून व अनधिकृतपणे पुसणे हा दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे.

चित्रित वस्तू व व्यक्ती

कलम ५२ नुसार वास्तूचे, तसेच सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे उल्लंघन ठरत नाही. लवासातील इमारतींचे चित्र त्यामुळे प्रसिद्ध करता येते. भित्तिचित्रांना मात्र ही सूट लागू होत नाही.

छायाचित्रकाराचा परवाना चित्रातील व्यक्तीची संमती ठरत नाही. २००७ मध्ये व्हर्जिन मोबाइल ऑस्ट्रेलियाने फ्लिकरवरील मुक्त परवान्याचे एका अल्पवयीन मुलीचे चित्र जाहिरातीत वापरल्यावर तिच्या कुटुंबाने अमेरिकेत दावा केला. तो अधिकारक्षेत्राच्या कारणावरून फेटाळला गेला, परंतु त्यामुळे हा भेद जगापुढे आला. मुळशीच्या खाचरात भातलावणी करणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र जाहिरातीसाठी देताना त्याची स्वतंत्र संमती घेणे म्हणूनच योग्य ठरते.

कालावधी

२०१२ पूर्वी छायाचित्राचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकत असे. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. आधीच संपलेले प्रताधिकार मात्र पुनरुज्जीवित झाले नाहीत. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रहाच्या काळात, १९२१ ते १९२४ दरम्यान, भारतात प्रसिद्ध झालेली छायाचित्रे त्यामुळे सार्वजनिक अधिक्षेत्रात आहेत.

उल्लंघन झाल्यास

छायाचित्रकाराने मूळ उच्च-विभेदनाची धारिका, तारखेची नोंद आणि उल्लंघन झालेल्या पानाची प्रत जपून ठेवणे हा पुराव्याचा पाया असतो. संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करताना नेमका दुवा देणे आवश्यक आहे. सुपर कॅसेट्स विरुद्ध मायस्पेस प्रकरणात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, संकेतस्थळाचे दायित्व सर्वसाधारण नव्हे, तर विशिष्ट उल्लंघनाच्या माहितीवर अवलंबून असते, असे म्हटले.

मनाईहुकूम व नुकसानभरपाई यांसाठी दिवाणी दावा करता येतो. कलम ६२ मुळे छायाचित्रकाराला स्वतःच्या निवासाच्या किंवा व्यवसायाच्या जिल्ह्यातील न्यायालयात तो दाखल करण्याची मुभा आहे. मुळशीतील रहिवाशास त्यामुळे पुणे जिल्हा न्यायालयात जाता येते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सामान्यतः सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन, संशोधन व खासगी वापर यांसाठीचा न्याय्य वापर मात्र उल्लंघनात मोडत नाही.