पाऊलठशांवरून उंचीचे अनुमान

गुन्ह्याच्या स्थळी मिळालेल्या अनवाणी पावलाच्या ठशाची मोजमापे घेऊन त्या व्यक्तीची उंची अजमासे ठरविण्याची न्यायसाहाय्यक विज्ञानातील पद्धती. तिने संशयितांचे क्षेत्र मर्यादित करता येते. केवळ उंचीवरून व्यक्ती निश्चित होत नाही.

पेशवाईत चोराचा माग काढणे हे गावरक्षकाचे कर्तव्य होते. हे काम महारांकडे आणि भागपरत्वे भिल्ल, रामोशी यांच्याकडे असे. मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. माग शेजारच्या गावापर्यंत नेऊन तेथील रक्षकाची खात्री पटविली, की पहिल्या रक्षकाची जबाबदारी संपे. माग अखेरीस ज्या गावी स्पष्टपणे पोहोचे, ते गाव चोरीच्या मालास जबाबदार धरले जाई. साहजिकच ठशाच्या वाचनातील चूक निरपराध गावाला भोवण्याचा संभव असे. हे ज्ञान अनुभवसिद्ध होते; त्याला गणिताचा आधार नव्हता.

ब्रिटिश अमदानीत पोलिसांचे शिक्षण संस्थाबद्ध झाले. पुण्याजवळ भांबुर्डे येथे १९०६ मध्ये निघालेली पोलीस प्रशिक्षण शाळा १९०९ मध्ये नाशिकला आली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. कैद्यांच्या ओळखीसंबंधीच्या १९२० च्या अधिनियमात ‘मोजमापे’ या संज्ञेत बोटांच्या ठशांबरोबर पाऊलठशांचाही समावेश झाला. त्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या अधिनियमातही तो कायम आहे.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ पॉल तोपिनार (१८३०—१९११) यांनी पावलाची लांबी व उंची यांचे प्रमाण अभ्यासले. पाऊल उंचीच्या सुमारे १५ टक्के असते, हा ठोकताळा पुढे रूढ झाला. त्यानुसार २४ सेंमी. लांबीवरून उंची १६० सेंमी. येते, परंतु प्रमाण १६ टक्के धरल्यास ती १५० सेंमी. व १४ टक्के धरल्यास सुमारे १७१ सेंमी. होते. हा फरक कमी करण्यासाठी समाश्रयण समीकरणे वापरतात. टाचेच्या मागील कडेपासून प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंतची लांबी त्यांत घेतात. केवल कृष्ण यांनी २००८ मध्ये उत्तर भारतातील १,०४० प्रौढ गुज्जर पुरुषांच्या ठशांवरून अशी समीकरणे प्रसिद्ध केली. एका जनसमूहाचे समीकरण दुसऱ्यास, तसेच पुरुषांचे स्त्रियांस जसेच्या तसे लागू पडत नाही. शिवाय ओल्या मातीत पाऊल घसरते, ओझ्याने ते पसरते आणि चालताना उमटलेला ठसा उभ्या स्थितीतील ठशाहून भिन्न असतो. समीकरणाने ठेंगण्या व्यक्तीची उंची जास्त, तर फार उंच व्यक्तीची कमी येण्याकडे कल असतो. म्हणून उंची एका आकड्यात न देता संभाव्य त्रुटीसह देणे इष्ट ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अमान खटल्यात (१९९७) पाऊलठशांचे शास्त्र पूर्ण विकसित नसल्याचे नमूद केले. अन्य पुराव्याने निघालेल्या निष्कर्षाला बळकटी देण्यापुरताच असा पुरावा समाधानकारक असल्यास वापरावा, असे मत न्यायालयाने दिले. ठशावरून काढलेली उंची हे तर अनुमानच असल्याने तिच्याबाबत ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे.